बंदिस्त घाट

साहित्यकृतीचा घाट आशयातून घडावा, आशय घाटात कोंबू नये, हे आपण वर्गात अनेकदा ऐकलेले आणि सांगितलेलेही असते. अ‍ॅपलच्या २०१३ सालच्या मॅक प्रो या संगणकाकडे पाहताना आम्हांस हाच प्रश्न पडतो.

चित्रपट-संकलक, अ‍ॅनिमेशनकार अशा व्यावसायिकांसाठी केलेला हा काळा, दंडगोलाकार संगणक जेमतेम २५ सेंटिमीटर उंच होता. आत त्रिकोणी धातूचा गाभा, त्याच्या दोन बाजूंस ग्राफिक्स कार्डे, तिसऱ्या बाजूस प्रोसेसर आणि सर्वांची उष्णता वर फेकणारा एकच पंखा. रचना देखणी होती. परंतु तिच्यात एक भाकीत गृहीत धरलेले होते: पुढे सॉफ्टवेअर आपले काम दोन मध्यम कार्डांत वाटून देईल. प्रत्यक्षात व्यवसाय एकाच मोठ्या, अधिक वीज खाणाऱ्या कार्डाकडे वळला. तसे कार्ड त्या गाभ्याला पेलणारे नव्हते आणि कार्डांचा आकार खास त्या यंत्रापुरताच असल्याने बाजारातले दुसरे कार्ड आत बसवण्याची सोयही नव्हती. एप्रिल २०१७ मध्ये कंपनीच्या अधिकाऱ्यांनी पत्रकारांपुढे ही कोंडी मान्य केली. २०१९ मध्ये स्लॉट असलेला मोठा मॅक प्रो परत आला.

लहान आकार हा मात्र दोष नव्हे. २००० सालचा पॉवर मॅक जी४ क्यूब लहानच होता, तरी त्यातले ग्राफिक्स कार्ड, मापाच्या मर्यादेत का होईना, बदलता येई. २०२२ च्या मॅक स्टुडिओत ग्राफिक्स मुख्य चिपमध्येच सामावलेले आहे. ते बदलता येत नाही. पण प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकच मेमरी वापरतात, हा लाभही खराच. २०२३ च्या मॅक प्रोची गोष्ट अधिक बोलकी आहे. त्यात स्लॉट आहेत, पण त्यांत वेगळे ग्राफिक्स कार्ड चालत नाही. घाट उरला, आशय गेला!

अर्थात, प्रत्येक घाट काहीतरी नाकारतोच. आमचा आक्षेप त्या नकाराला नाही. उद्याचे काम कसे असेल हे कारागिराच्या वतीने आजच ठरवून टाकण्याला आहे. कृती वाचकाच्या हाती गेल्यावर तिचा अर्थ लेखकाच्या ताब्यात राहत नाही, हे समीक्षेने केव्हाच स्वीकारले. ज्याच्या पोटापाण्याचा प्रश्न यंत्रावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी अवजारातही थोडी मोकळी जागा असावी. ती नसेल, तर निदान खरेदीच्या दिवशीच तसे स्पष्ट सांगितले जावे.