व्यसनमुक्तीतील औषधयोजना : निवड आणि क्रम

व्यसन सोडण्यासाठी आलेल्या रुग्णास पहिल्याच भेटीत विरेचन द्यावे आणि झोपेसाठी एखादे अरिष्ट लिहून द्यावे, अशी सवय आपल्या काही व्यवसायबंधूंस जडली आहे. आम्हीही तीतून मुक्त नव्हतो.

काही वर्षांपूर्वी, दारू सोडून दोन महिने झालेल्या एका गृहस्थांस निद्रानाशासाठी आम्ही सारस्वतारिष्ट दिले. तीन आठवड्यांनी त्यांच्या पत्नी पिशवीभर रिकाम्या बाटल्या घेऊन आल्या. "वैद्यराज, हे औषध आता दिवसाला एक बाटली लागतं," एवढेच त्या बोलल्या. आसवारिष्टांत संधानजन्य मद्यार्क साधारणतः ५ ते १० टक्के असतो, हे आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केले होते. चिठ्ठी लिहिताना आठवले नाही. डायसल्फिराम घेणाऱ्या रुग्णास तर ते अपायकारकच. पानात्ययात श्रीखंडासव सांगितले आहे हे खरे. परंतु चूर्ण, क्वाथ, घृत, वटी हाताशी असता मद्य सोडलेल्यास आसवच का द्यावे? अहिफेनयुक्त कामिनीविद्रावण रसाची सवय जडलेले रुग्णही आढळतात. त्यांच्यापुढे आपल्या शास्त्राची थोरवी काय सांगावी?

क्रमाविषयी चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अहितकर सवय पादांशाने सोडण्यास सांगितले आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत आक्षेप, कंप व प्रलाप उद्भवून प्राणावर बेतू शकते. हा काळ शोधनाचा नव्हे, रुग्णालयाचा आहे. तेथे पाठविण्यात वैद्याचा कमीपणा नाही.

ब्राउन शुगर सोडलेल्याची गोष्ट वेगळी. काही आठवडे दूर राहिल्यावर शरीराची सहनशक्ती घटते आणि पूर्वीचीच मात्रा घातक ठरते. म्हणून मनोविकारतज्ज्ञाने चालू केलेले बुप्रेनॉर्फिन "हेही व्यसनच" म्हणून बंद करावयास लावणे हा आम्ही अपराध मानतो. मदात्ययात मद्याचीच मात्राबद्ध योजना सांगणाऱ्या चरकांच्या अनुयायांनी त्यास नाके मुरडावीत, हे तर नवलच!

ही अवस्था ओलांडल्यावर आपले खरे काम सुरू होते : दीपन-पाचन, बृंहण, मेध्य रसायन आणि मुख्यतः सत्त्वावजय. त्यास महिने लागतात, आणि घरच्यांनाही बसवून बोलावे लागते.

आमच्या केसपेपरवर आता तीन प्रश्न छापून घेतले आहेत : काय घेता, शेवटचे केव्हा घेतले, आणि दुसऱ्या कोणाची औषधे चालू आहेत. उत्तरे मिळेपर्यंत आम्ही चिठ्ठी लिहीत नाही.