एकट्याच आहात का?

शनिवारची सकाळ, चहाचा दुसरा कप, आणि मी हे लिहायला बसलेय. आधीच सांगून ठेवते, चिडून लिहितेय. बरेच दिवस पोटात ठेवलेली गोष्ट आहे. का ठेवली तेही पुढे सांगते, कारण खरा मुद्दा तिथेच आहे.

तर झालं असं. २०२४ चा नोव्हेंबर. मराठवाड्यातल्या एका एमआयडीसीत आमच्या क्लायंटचा प्लांट आहे, तिथे वेअरहाउसच्या सिस्टिमचं गो-लाइव्ह होतं. टीममधून मी एकटीच जाणार होते. पुण्याहून निघायलाच उशीर झाला, वाटेत नगरला ट्रॅफिक, हॉटेलवर पोचले तेव्हा रात्रीचे साडेअकरा. रिसेप्शनवरच्या माणसाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, मग परत माझ्याकडे.

"मॅडम, एकट्याच आहात का?"

"हो."

"बरोबर जेंट्स कोणी नाही?"

"नाही. बुकिंग माझ्याच नावावर आहे."

"कामासाठी आलात का?"

नाही हो, रात्री साडेअकराला एमआयडीसीत हवापालट करायला आलेय! (असं म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं.) मग कंपनीचं आयकार्ड, आधारची झेरॉक्स, क्लायंटचा मेल आणि शेवटी वडिलांचा मोबाइल नंबर. वडिलांचा! माझं वय एकोणतीस. पंधरा मिनिटांची उलटतपासणी झाल्यावर त्याने बोर्डावरची किल्ली काढली आणि लॉबीभर ऐकू जाईल अशा आवाजात पोऱ्याला हाक मारली, "अरे, दोनशे चार! मॅडम एकट्या आहेत, सामान ने वरती."

लॉबीत सोफ्यावर चार-पाच जण टीव्ही बघत बसले होते. सगळ्यांच्या माना वळल्या.

पाऊण वाजता माझ्या दारात किल्ली फिरली.

मी झोपले नव्हते, लॅपटॉपवर डेटा मायग्रेशनचा लॉग बघत होते. आधी वाटलं शेजारच्या खोलीचं दार असेल. मग माझ्याच दाराची मूठ हलली, दार चार बोटं उघडलं आणि साखळीला अडकून थांबलं. फटीतून एक बॅग आणि अर्धा माणूस दिसला. मी किंचाळले. तो माझ्यापेक्षा जास्त दचकला. "सॉरी, सॉरी ताई! मला हीच खोली दिलीय खाली!" म्हणत बिचारा पाच पावलं मागे गेला.

त्याचा काहीच दोष नव्हता. त्याच प्लांटवर मशीन दुरुस्तीला आलेला टेक्निशियन होता. दरम्यान रिसेप्शनवर शिफ्ट बदलली होती. नव्या मुलाने रजिस्टरमध्ये प्लांटचं नाव पाहिलं, पुढे २०४ लिहिलेलं दिसलं, आणि डुप्लिकेट किल्ली काढून दिली. संपलं. मला वडिलांचा नंबर विचारणाऱ्या हॉटेलने त्याला साधं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

सकाळी मॅनेजर म्हणाले, "सॉरी मॅडम, शिफ्टचा घोळ झाला. पण काही झालं तर नाही ना?"

नाही झालं. शे-दोनशे रुपयांच्या साखळीमुळे नाही झालं, आणि तो माणूस भला होता म्हणून नाही झालं. यात हॉटेलचं कर्तृत्व काय?

आता जरा आपल्या धंद्याच्या भाषेत बोलू. ज्याचं अकाउंट आहे त्याला पंधरा प्रश्न विचारायचे, आणि दुसरा कोणी येऊन "मला आत जायचंय" म्हणाला की पासवर्ड हातात ठेवायचा, अशी सिस्टिम तुम्ही डिझाइन केलीत तर पहिल्या कोड रिव्ह्यूलाच तुमची चंपी होईल. आपल्याकडच्या कितीतरी हॉटेलांत बायकांची "सुरक्षा" नेमकी अशी चालते. सगळी चौकशी त्या बाईची. तिच्याबद्दल विचारणाऱ्याची, तिची किल्ली मागणाऱ्याची, तिच्या शेजारची खोली मागणाऱ्याची चौकशी शून्य.

"एमआयडीसीतल्या लॉजमध्ये राहिलीस तर हेच होणार, चांगल्या हॉटेलात राहायचं" असं कोणीतरी म्हणणार हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठी ही गोष्ट. एरिन अँड्र्यूज ही अमेरिकेतली नावाजलेली क्रीडा वार्ताहर. २००८ मध्ये ती नॅशव्हिलमधल्या एका मोठ्या, नामांकित हॉटेलात उतरली होती. तिच्या मागावर असलेल्या एका माणसाने ती तिथेच आहे हे हॉटेलकडूनच काढून घेतलं, तिच्या शेजारची खोली मागितली, आणि हॉटेलने ती दिली! त्याने तिच्या दाराच्या पीपहोलमध्ये फेरफार करून बाहेरून तिचं चित्रण केलं. २००९ मध्ये ते इंटरनेटवर पसरलं. त्याला अडीच वर्षांची कैद झाली. पण मला महत्त्वाचा वाटतो तो २०१६ चा निकाल. ज्युरीने साडेपाच कोटी डॉलरची भरपाई ठरवली आणि दोष वाटून दिला: ५१ टक्के त्या माणसाचा, ४९ टक्के हॉटेलचा मालक आणि हॉटेल चालवणारी कंपनी यांचा. जवळजवळ निम्मा! कारण कॅमेरा जरी त्याचा असला तरी शेजारची खोली रिसेप्शनने दिली होती.

अगदी अलीकडचं हवं असेल तर ऑगस्ट २०२४. लंडनला हीथ्रोजवळ, आंतरराष्ट्रीय साखळीतल्या हॉटेलात, एअर इंडियाच्या केबिन क्रूमधल्या एका तरुणीच्या खोलीत रात्री बाहेरचा माणूस घुसला आणि तिच्यावर हल्ला केला. ती कामावरच होती. हॉटेलही तिने निवडलेलं नव्हतं.

आणि कुलपांचं काय? किल्लीऐवजी कार्ड आलं की प्रश्न मिटला असं वाटत असेल तर थांबा. २०१२ मध्ये कोडी ब्रोशियस या प्रोग्रॅमरने ब्लॅक हॅट परिषदेत दाखवलं की ऑनिटी कंपनीची हॉटेलांतली कुलपं पन्नास डॉलरच्या आतल्या जुगाडाने उघडतात. कुलपाच्या खालच्या बाजूला एक साधा पोर्ट होता, त्यातून कुलपाची मेमरी कुणालाही वाचता येत होती. त्याच वर्षी ह्यूस्टनला या पद्धतीने खोल्या फोडल्याही गेल्या. कंपनीने सुरुवातीला फुकट काय दिलं, तर पोर्ट झाकायचं बूच. आतलं सर्किट बदलायचं असेल तर पैसे! मग मार्च २०२४ मध्ये दुसऱ्या एका गटाने सॅफलॉक कुलपांमधली चूक जाहीर केली. १३१ देशांतले तीस लाखांहून जास्त दरवाजे. त्या हॉटेलचं कोणतंही एक कार्ड हाताशी असलं की दोन बनावट कार्डं तयार करून तिथलं कुठलंही दार उघडता येत होतं. आतून लावलेला डेडबोल्टसुद्धा. ही चूक कंपनीला २०२२ मध्येच कळवली होती, आणि जाहीर झाली तेव्हा जेमतेम ३६ टक्के कुलपं दुरुस्त झाली होती. तेव्हाही कामाची ठरणारी गोष्ट कोणती? दाराची ती बावळट साखळी! तीही तुम्ही आत असाल तेव्हाच.

आता मला सांगा, या सगळ्यात बाई एकटी होती की दुकटी याचा संबंध कुठे येतो? ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्थला टी-२० वर्ल्ड कपच्या वेळी विराट कोहलीच्या खोलीत तो नसताना शिरून कोणीतरी व्हिडिओ काढला आणि नेटवर टाकला. कोहलीने स्वतः त्याबद्दल संताप व्यक्त केला. तेव्हा चूक हॉटेलकडच्या माणसांची, यावर कुणाचं दुमत नव्हतं. "पण तू एकटा का उतरला होतास?" असं त्याला विचारल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

हॉटेलवाल्यांची बाजूही ऐकून घेऊ. "पोलीस विचारतात, काही भानगड झाली तर आम्ही अडकतो." मान्य. ओळखपत्र बघा, रजिस्टरमध्ये नोंद करा, कोण नाही म्हणतंय? (आधार द्यायचंच असेल तर मास्क्ड द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि ते रजिस्टर काउंटरवर उघडं ठेवू नका, पुढच्या गिऱ्हाइकाला माझा मोबाइल नंबर पाठ करायला.) पण "एकट्या का" ही नोंद नाही, ही पंचाईत आहे. काही जण तर त्याच्याही पुढे जातात. २०१७ मध्ये हैदराबादेत ऑनलाइन बुकिंग करून आलेल्या एका तरुणीला, एकट्या बाईला खोली देत नाही म्हणून हॉटेलने परत पाठवलं होतं. म्हणजे बंद खोलीपेक्षा परक्या गावचा रस्ता सुरक्षित! आपल्या राज्यघटनेचं कलम १५(२) एकदा वाचा. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणाही नागरिकाला जिथे अडवता येत नाही अशा जागांच्या यादीत दुकानं आणि उपाहारगृहांबरोबर हॉटेलं स्पष्ट लिहिलेली आहेत. १९५० पासून.

मग येतात "टिप्स". दाराखाली लावायची पाचर न्या, भिंगावर टिकली चिकटवा, आरशामागे कॅमेरा शोधा, दोन माणसांचं जेवण मागवा म्हणजे एकटी आहे असं वाटणार नाही. मी स्वतः यातलं निम्मं करते. करा, जरूर करा. पण तिला ही भलीमोठी चेकलिस्ट दिली की हॉटेलची जबाबदारी संपली असं समजू नका. आणि बायकांसाठी वेगळा मजला ही काही मोठ्या हॉटेलांतली सोयही छानच आहे, पण बिल कंपनी देते त्या बजेटात ती बसत नाही, आणि खाली किल्ली मागेल त्याला मिळत असेल तर मजला गुलाबी असून उपयोग काय?

आता पोटात का ठेवलं ते.

त्या रात्री आईचा मेसेज आला होता, "पोचलीस का गं?" मी लिहिलं, "हो, हॉटेल मस्त आहे." ऑफिसमध्येही कुणाला बोलले नाही. कारण पुढे काय होणार ते मला पाठ आहे. आई म्हणणार, अशा गावी आता जाऊ नकोस. आणि माझे मॅनेजर, जे खरोखर चांगले गृहस्थ आहेत, काळजीने म्हणणार, "बरं झालं सांगितलंस. पुढच्या वेळी तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला पाठवू." दुसरा कुणी म्हणजे अर्थात मुलगा. मग गो-लाइव्ह त्याचं, क्लायंटशी ओळख त्याची, अप्रेझलला "ओनरशिप" त्याची. आमच्या धंद्यात माणूस साइटवर तयार होतो, क्युबिकलमध्ये नाही. माझ्या टीममधल्या एका मैत्रिणीचं नेमकं असंच झालं. तिने प्रवासातली एक तक्रार केली, सगळ्यांनी तिची खूप काळजी घेतली, आणि त्यानंतर तिला एकही साइट मिळाली नाही.

म्हणून आम्ही सांगत नाही. जी बग रिपोर्ट करेल तिचाच ॲक्सेस काढून घेणार असाल तर बग रिपोर्ट होणार कसा? आणि रिपोर्ट होत नाही म्हणून सगळे खुशीत, की आपल्याकडे काही प्रॉब्लेमच नाही.

शेवटी मी सांगितलं, पण सहा महिन्यांनी, आणि एचआरला लेखी. सोबत २०१३ च्या पॉश कायद्यातली "कामाची जागा" ही व्याख्या जोडली. नोकरीच्या निमित्ताने कर्मचारी जिथे जातो ती जागाही त्यात येते. म्हणजे दौऱ्यावरचं हॉटेल हा बाईचा खासगी मामला नाही, ऑफिसचाच विस्तार आहे. त्या हॉटेलच्या बाबतीत मागण्या साध्या केल्या:

१. खोलीचा नंबर मोठ्याने बोलायचा नाही, कागदावर लिहून द्यायचा.

२. डुप्लिकेट किल्ली ओळखपत्र आणि रजिस्टरमधलं नाव जुळल्याशिवाय कोणालाही नाही. "मी त्यांचा मिस्टर" म्हणणाऱ्यालाही नाही.

३. कोणी पाहुण्याची चौकशी केली तर "आहेत" किंवा "नाहीत" काहीच सांगायचं नाही, खोलीत फोन करून विचारायचं.

४. प्रत्येक दाराला साखळी आणि भिंगाला आतून झाकण.

५. किल्ली कोणी, कधी, कोणाला दिली याची वही.

पहिल्या तिघांचा खर्च शून्य. उरलेल्या दोहोंचा एका खोलीच्या एका रात्रीच्या भाड्याइतकाही नाही. आमच्या ट्रॅव्हल डेस्कने ही यादी हॉटेलकडे पाठवली. उत्तर काय आलं असेल? "आमच्याकडे लेडीज गेस्टची विशेष काळजी घेतली जाते."

असो. आम्ही हॉटेल बदललं. नवीन ठिकाणी नंबर कागदावर लिहून देतात. मार्चमध्ये दुसऱ्या फेजचं गो-लाइव्ह झालं. मीच गेले होते. एकटी.

तुम्ही टीम लीड असाल तर एवढंच करा. पुढच्या वेळी एखादी अशी तक्रार घेऊन आली, तर तिचं तिकीट रद्द करू नका, हॉटेलचं बुकिंग रद्द करा. आणि तुम्ही स्वतः, मुलगा असाल तरी, चेक-इन करताना एकदा मुद्दाम म्हणून बघा, "किल्ली खोलीतच राहिली, दुसरी द्या." ओळखपत्र न मागता दिली, तर तिथल्या तिथे भांडा.