खंडाचे सॉफ्टवेअर आणि मालकीचे विमान
छंदाचे दप्तर : यंत्रमित्र

मागे एका रविवारी सकाळी माझा भाचा लॅपटॉप काखोटीला मारून सदाशिव पेठेत आमच्या घरी आला, आणि चहाचा कप खाली ठेवण्यापूर्वीच त्याने प्रश्न टाकला, ‘मामा, सिम्युलेटरमध्ये उडवायला विमान करायचंय, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? पैसे फार नाहीत.’ अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलाजवळ पैसे फार नसावेत हे शास्त्राला धरूनच आहे. परंतु दुकानदार ज्याचे उत्तर एका वाक्यात देईल आणि ते बहुधा चुकीचे असेल, अशा प्रश्नांपैकी हा एक असल्यामुळे आजचे दप्तर त्याच्याच नावे मांडतो.

प्रथम एका गैरसमजाचा निकाल लावू, आणि तो गैरसमज विशेषेकरून पुण्यातला आहे. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात कॅटिया किंवा सॉलिडवर्क्स यांवर दिवसभर सुटे भाग रेखाटणारी माणसे ज्या शहरात गल्लोगल्ली सापडतात, तेथे ‘विमानच ना, मग कॅटियात कर’ हा सल्ला फुकट आणि तत्काळ मिळतो. कॅटियाचा जन्म १९७७ साली फ्रान्समध्ये दासो या विमान कंपनीच्या घरातच, लढाऊ विमानांच्या आराखड्यांसाठी झाला, हे खरे. तथापि जी प्रणाली खऱ्या विमानासाठी निर्माण झाली तीच आभासी विमानाला निरुपयोगी ठरावी, यात विरोधाभास वाटला तरी चूक नाही. कारखान्यातल्या आराखड्याला धातू कापायचा असतो, म्हणून त्यातला प्रत्येक भाग भरीव आणि सूक्ष्म मापाचा. सिम्युलेटरला मात्र विमानाचे नुसते कवच हवे असते, तेही अशा बेताच्या त्रिकोणांनी विणलेले, की ते सेकंदाला तीस-चाळीस वेळा पडद्यावर नव्याने काढताना संगणकाची दमछाक होऊ नये. शनिवारवाडा आणि बालगंधर्व रंगमंदिराच्या रंगमंचावर उभा केलेला वाडा यांत जो भेद, तोच येथे. आणि नाटकासाठी कोणी गवंडी बोलावीत नाही.

मग नेपथ्यकार कोणता? याचे उत्तर विमान कोठे उडवायचे यावर अवलंबून आहे, आणि बहुतेक नवशिके हाच क्रम उलटा करून फसतात. फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर सर्वस्वी मोफत आणि खुला असून त्याला एसीथ्रीडी पद्धतीची फाइल रुचते, आणि ती ब्लेंडर या त्रिमितीय आकार घडवण्याच्या सॉफ्टवेअरमधून काढता येते. एक्स-प्लेन विकत घ्यावा लागतो, पण त्यासोबत प्लेन मेकर नावाचे अवजार मिळते आणि ब्लेंडरमधून थेट त्यात जाण्याची वाटही आहे. २०२० साली आलेला मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर जीएलटीएफ पद्धतीची फाइल मागतो, आणि तीही ब्लेंडरमधून काढता येते. तिन्ही वाटा ज्या एका चौकात मिळतात तो चौक, वाचकांच्या ध्यानी आलेच असेल, फुकट आहे.

परंतु फुकटपणा हा माझ्या दृष्टीने गौण मुद्दा; खरा मुद्दा मालकीचा. थ्रीडीएस मॅक्स हे या धंद्यातले नामांकित अवजार, आणि उत्तम अवजार, यात वाद नाही. मात्र त्याची अमेरिकेतली वार्षिक वर्गणी दीड हजार डॉलरांच्या वर आहे, आणि ते बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीने २०१६ पासून तहहयात परवाना नव्याने विकणेच बंद केले आहे. म्हणजे वापरणारा झाला कूळ आणि वर्गणी झाली खंड! आपल्याकडे कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ या दिवशी, म्हणजे कृषक दिनी, कसणाऱ्या कुळाला जमिनीचा खरेदीदार मानले. सॉफ्टवेअरच्या दुनियेत मात्र कृषक दिन उजाडलेला नाही, आणि दहा वर्षे इमानाने खंड भरलेल्या माणसाची अकराव्या वर्षी वर्गणी चुकली तर त्याचेच विमान त्याला उघडता येत नाही. विद्यार्थ्यांना हेच अवजार मोफत मिळते हे मला ठाऊक आहे; पण ती सवलत शिक्षण चालू असेतोवरची, आणि केलेले विमान विकण्याची तीत मुभा नाही. (चोरट्या प्रतींविषयी मी येथे काही लिहीत नाही, ज्याला इतके कष्ट करून विमान घडवायचे आहे त्याने दुसऱ्याचे कष्ट चोरू नयेत, एवढे त्याला कोणी सांगावे लागू नये.)

आणि फुकट मिळालेले अवजारही खंडाचे असू शकते, याचा दाखला जीमॅक्स. थ्रीडीएस मॅक्सचे हे धाकटे भावंड या शतकाच्या आरंभी मोफत वाटले गेले, मायक्रोसॉफ्टच्या त्या वेळच्या सिम्युलेटरसाठी जगभरच्या छांदिष्टांनी त्यात हजारो विमाने केली, आणि २००५ साली त्याचा विकास थांबला. त्याच्या फाइली अन्य प्रणालींत सुखासुखी उघडत नाहीत, त्यामुळे कित्येकांची विमाने जुन्या डिस्कांवर, वारसा नसलेल्या इस्टेटीसारखी, पडून राहिली. किंमत शून्य होती. मालकीही शून्यच होती.

ब्लेंडरची कथा याच्या नेमकी उलट आहे. ते हॉलंडमधल्या टॉन रूझेंडाल यांच्या स्टुडिओत जन्मले. पुढे ज्या कंपनीकडे ते गेले तिचा गाशा गुंडाळला गेला तेव्हा २००२ साली त्याच्या चाहत्यांनी अवघ्या सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून त्याची मूळ संहिता सोडवून घेतली, आणि ती सर्वांसाठी खुली केली. त्याचा परवाना म्हणजे अक्षरशः सनद आहे, जी देणाऱ्यालाही मागे घेता येत नाही. जुन्या आवृत्त्याही संस्थळावर जतन केलेल्या असल्यामुळे, ज्याच्या लॅपटॉपला नवी आवृत्ती पेलत नाही त्याने जुनी उतरवून घ्यावी. मात्र निर्यातीची जोडअवजारे विशिष्ट आवृत्तीशीच जुळतात, म्हणून जोडी पाहूनच घ्यावी. दोष? आहेत. त्याचा पडदा पहिल्यांदा पाहणाऱ्याला मोडी लिपीतला कागद पाहिल्यासारखे होते, आणि पहिला महिना हात बसण्यातच जातो. ज्याला एवढा धीर नाही त्याने एसीथ्रीडी हे लहानसे, एकरकमी किमतीचे अवजार घ्यावे. फ्लाइटगिअरपुरते ते पुरते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात ब्लेंडरचे धडे विनामूल्य आहेत, ते पाहून महिन्याचे पंधरा दिवस होतात.

भाच्याला मी दुसरा सल्ला दिला तो विमानाविषयीचा. त्याच्या मनात सुखोई होते. लोहगावच्या आकाशाखाली वाढलेल्या मुलाच्या मनात दुसरे काय असणार? पण मी त्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरची आठवण दिली, आणि रोहिणी घ्यायला लावली. एस. राममृतम यांनी रचलेले, १९६१ साली प्रथम उडालेले हे लाकडी ग्लायडर, दोन आसने शेजारी-शेजारी, आपल्या देशातल्या ग्लायडिंग क्लबांतून दीर्घकाळ शिकवणीला होते. त्याला इंजिन नाही, म्हणून इंजिनाचे गणित नाही, चाकांची घडी नाही, घड्याळे मोजकी. नवशिक्याला याहून योग्य विमान नाही.

त्याने तीन बाजूंची रेखाचित्रे ब्लेंडरच्या पडद्यामागे लावली, धडाचा अर्धाच भाग घडवला आणि उरलेला आरशातल्या प्रतिबिंबासारखा आपोआप उमटू दिला. मग रंगकामासाठी ते कवच उसवून सपाट पसरले, शिंपी चोळीचे कापड बेततो तसे. येथवर सारे सुरळीत झाले. पण फ्लाइटगिअरमध्ये लोहगावच्या धावपट्टीवर पहिल्यांदा काठी डावीकडे केली मात्र, उजव्या पंखाचा एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेची झडप, पंखाला धरून हलण्याऐवजी पंख सोडून भलामोठा फेरा घेत जमिनीत शिरला. भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. कारण साधे होते: बिजागरीची जागा त्याने लिहिलीच नव्हती, त्यामुळे तो तुकडा विमानाच्या मूळबिंदूभोवती फिरू लागला. पंख टोकाकडे निमुळता होत जातो म्हणून बिजागरीची रेषाही तिरपी. तिची दोन्ही टोके मीटरमध्ये मोजून लिहिली, तेव्हा एलेरॉन आज्ञाधारकपणे जागच्या जागी हलू लागला. त्या दुरुस्तीला रात्रीचे साडेअकरा झाले, आणि खर्च झाला तो दोन कप चहाचा.

आता काम अडले आहे ते कॉकपिटपाशी, आणि तेथे जगातले कोणतेही सॉफ्टवेअर, महाग वा स्वस्त, उपयोगाचे नाही. घड्याळे कोणत्या क्रमाने होती, ओढणारी दोरी सोडण्याची मूठ कोणत्या बाजूला, तिचा रंग कोणता, आसनाला गादी होती की नुसती फळी, हे ज्यांनी त्यात बसून उड्डाण केले त्यांच्याच जवळ आहे, आणि ती मंडळी आता वयस्क झाली आहेत. तरी हडपसरला किंवा अन्यत्र कोठेही रोहिणीत बसलेले कोणी वाचक असतील, आणि त्यांच्या संग्रही आतल्या बाजूची छायाचित्रे, प्रशिक्षणाची वही किंवा मापांची टाचणे असतील, तर त्यांनी त्यांची प्रत या सदराच्या पत्त्यावर कृपया धाडावी. मूळ कागद पाठवू नयेत.