फोटो नको, दोन ओळी लिहा

परवा बऱ्याच दिवसांनी वडिवळ्याला जाणं झालं. कामशेतला लोकलमधून उतरून पुढे गाडीने. धरण भरलेलं, खाचरं हिरवीगार... पण आज त्याबद्दल नाही, काकांबद्दल लिहितोय.

काचबिंदूने काकांची नजर गेली त्याला बरीच वर्षं झाली. पण फोन ते माझ्याहून जास्त वापरतात. टॉकबॅक चालू असतं. काचेवर बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल ते फोन बोलून दाखवतो. बातम्या ऐकतात, माझा ब्लॉगही ऐकतात. "वाक्यं फार लांब लिहितोस रे, त्या बाईला धाप लागते!"

चहा घेताना सहज म्हणालो, "नानांच्या दहाव्याला तुम्ही दिसला नाहीत?"

काका गप्प. मग म्हणाले, "तेरावा झाल्यावर कळलं मला."

नाना म्हणजे त्यांचा बालमित्र, पुढे ठाण्याला गेलेला. निरोप घरच्या ग्रुपवर मीच टाकला होता. छापील कागदाचा फोटो काढून. काकांच्या फोनने सांगितलं, "फोटो". बस्स, एवढंच.

फोटोतला मजकूर वाचणारी ॲप हल्ली आहेत, काकांकडेही आहे. पण दिवसाला चाळीस 'सुप्रभात' येतात, त्यातला कुठला उघडायचा हे त्यांना कसं कळावं?

वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर अक्षराचा आकार बघत नाही, त्यामागचा आकडा वाचतं. युनिकोडमध्ये 'क'चा आकडा २३२५, जगभर तोच. जुन्या मराठी फॉन्टांत मात्र वरून मराठी अक्षर आणि आत इंग्रजी अक्षराचा आकडा. डोळ्यांना मराठी, कानांना अगम्य! स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर अक्षरच नसतं, नुसतं चित्र.

साधनं नाहीत असं नाही. संगणकासाठीचं एनव्हीडीए २००६ साली मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने लिहायला घेतलं, ते आजही फुकट मिळतं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही आहे. पण कायदा सरकारला सांगणार. घरच्या ग्रुपवर काय टाकायचं ते आपणच ठरवतो ना?

म्हणून मंडळी, एक विनंती. पत्रिकेचा फोटो खुशाल टाका, पण खाली दोन ओळी लिहा: कोण, कुठे, कधी. आणि ब्लॉगवाल्यांनो, चित्राला वर्णन द्या. मिनिटही लागत नाही.

असो. काका हे ऐकतीलच. काका, चूक माझी होती. या वेळी वाक्यं लहान ठेवलीत.