जुनी सायकल हवी, मिस्त्री नको

पुण्यात चार दिवस मुक्काम असला आणि जुन्या सायकली पाहायची हौस असली, तर पहिला पत्ता मिळतो तो कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयाचा. पत्ता बरोबर आहे. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली बीएसएची घडीची सायकल तिथे आहे, जरूर पाहा. दुसरा पत्ता मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजाराचा. नशीब असेल तर एखादा डायनॅमो, पितळी घंटी, किंवा पूर्वी नगरपालिका करापोटी द्यायची तो सायकलचा बिल्ला हाती लागतो. तिसरा पत्ता मात्र कुणी सांगत नाही, आणि माझी तक्रार तीच आहे.

तिसरा पत्ता मिस्त्रीचा. झाडाला लटकवलेले दोन टायर, गढूळ पाण्याची घमेली, हातपंप, सोल्यूशनची डबी. जुन्या काळ्या सायकलच्या पुढच्या चाकाला 32 तारा असतात, मागच्याला 40. चाक डुगडुगायला लागले की हा माणूस ते उलट्या सायकलवर फिरवतो, बोटाने अंदाज घेतो आणि चावीने एकेक तार आवळत आऊट काढतो. मापाची पट्टी नाही, यंत्र नाही. रॅले, हर्क्युलिस, ॲटलस आजही चालताना दिसतात त्या याच्यामुळे. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी बंद पडला. तिचे छर्रे बदलणारा अजून बसलेला आहे.

आणि आपल्याला 'विंटेज' म्हणून काय हवे असते? मी प्रशिक्षणासाठी पुण्यात होतो तेव्हा एका हॉटेलात भिंतीवर टांगलेली सायकल पाहिली. चेन काढलेली, वर चकचकीत रंग, खाली लोक फोटो काढत होते. चालणारी सायकल गरिबाची, टांगलेली सायकल रसिकाची!

'पंक्चरवाला' ही शिवी आज कुणाला देतात, हे सांगायला नको. 14 एप्रिल 2025 ला हिसारच्या सभेत पंतप्रधान म्हणाले की वक्फच्या मालमत्तांचा प्रामाणिक वापर झाला असता तर मुसलमान तरुणांना सायकलची पंक्चर काढत आयुष्य काढावे लागले नसते. वक्फचा कारभार सुधारला पाहिजे, यात वाद नाही. पोरांनी शिकावे, हे तर मी वर्गात रोज घसा फोडून सांगतो. पण वाया गेलेल्या आयुष्याचा नमुना म्हणून पंक्चर काढणाराच का आठवावा? फसवणूक करत नाही, कर्ज बुडवत नाही, रस्त्यात अडलेल्याला घरी पोचवतो. उर्दूत शिक्षकाला उस्ताद म्हणतात, मिस्त्रीलाही उस्तादच. मला या भागीदारीची लाज वाटत नाही. (आपल्या समाजातल्या शिकलेल्या मंडळींना मात्र वाटते, हेही लिहून ठेवतो.)

आता रस्त्यांचे. पाहुण्याला सांगतात, पहाटे पाषाणला जा, खडकवासल्याला जा. छान रस्ते आहेत, पण ते व्यायामाचे. कामावर जाणाऱ्याचा रस्ता कुठला? सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्याने 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, त्यात 800 किलोमीटरहून अधिक मार्गांचे जाळे दाखवले. त्याच सुमारास ॲपवर मिळणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या आणि गेल्याही. मी भाड्याची सायकल घेऊन एका मोठ्या रस्त्याच्या सायकल मार्गावर गेलो. शंभर पावलांत तीन मोटारी, एक रोहित्र आणि वाळूचा ढीग. उतरून हातात सायकल धरून चालावे लागले. त्या ढिगाला कुणी अतिक्रमण म्हणाले नव्हते. पुढच्या चौकातल्या मिस्त्रीची पेटी मात्र दोनदा उचलून नेली होती, असे त्याने पंप मारता मारता सांगितले. दंड भरून पेटी सोडवली, आतली हत्यारे काही सगळी परत आली नाहीत.

2014 च्या पथविक्रेता कायद्यात केवळ माल विकणारा नव्हे, सेवा देणाराही पथविक्रेता आहे. म्हणजे सायकल मिस्त्रीला प्रमाणपत्र मागण्याचा हक्क आहे. आराखड्यात सायकल मार्गांच्या रेषा ओढणाऱ्यांनी त्या रेषेवर दर दोन किलोमीटरला एका मिस्त्रीची जागा आखली असती तर खर्च किती आला असता? सहा बाय चार फुटांची सावली आणि पाण्याचा एक नळ.