स्वस्त चाक आणि नकली चाक

रेडिओलहरींच्या आज्ञेबरहुकूम धावणाऱ्या छोट्या मोटारींचा छंद ज्याने मनापासून जोपासला आहे, त्याच्यापुढे गाडीची मूळ चाके झिजली वा तडकली की एक बाब निर्णयासाठी हटकून येते. एकीकडे नामांकित कारखान्याची चाके असतात, ज्यांच्या चार नगांना कधी कधी एखाद्या साध्या खेळण्यातल्या गाडीएवढा दाम पडतो; दुसरीकडे रंगाने, आऱ्यांच्या घाटाने आणि पुष्कळदा अंगावर कोरलेल्या नावानेही हुबेहूब तशीच दिसणारी चाके त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात घरपोच मिळतात. परदेशी खेळण्यांवरील जकात आपल्याकडे २०२० साली २० टक्क्यांवरून एकदम ६० टक्क्यांवर नेण्यात आली, आणि अशा जकातीचा भार मूळ किमतीच्या प्रमाणात चढत असल्यामुळे महाग वस्तू अधिकच महाग होऊन बेताच्या मिळकतीच्या माणसाचा हात नकली मालाकडे वळला, तर त्याचे मन मला समजते. तरीही या निवडीत केवळ पैशाचा नव्हे, तर वस्तूच्या सचोटीचा प्रश्न गुंतलेला आहे, असे माझे ठाम मत असल्यामुळे त्याचा थोडा विस्ताराने परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम एका आक्षेपाचा निकाल लावला पाहिजे. हा छंदच मुळी अनुकरणाचा. मोठ्या मोटारीची लहान प्रतिकृती करून तिच्यात रमणाऱ्यांनी चाकाच्या नकलेविरुद्ध फिर्याद कोणत्या तोंडाने करावी, असे कोणी विचारील. या आक्षेपाचे उत्तर जपानमधल्या शिझुओका येथील तामिया कंपनीच्या इतिहासात मिळते. या कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ या मोटारीची रेडिओनियंत्रित प्रतिकृती बाजारात आणून या छंदाला घरोघरी नेले. परंतु तत्पूर्वी त्या मोटारीची अंतर्रचना समजावी म्हणून कंपनीचे शुन्साकु तामिया यांनी खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेऊन तिचे भाग सुटे करवले होते. अनुकरण हे असे असते: आधी मूळ वस्तूपुढे नम्र होऊन तिचे मोजमाप करायचे, तिच्या प्रत्येक भागाचे प्रयोजन समजून घ्यायचे आणि मगच हात कामाला लावायचा. आजही व्हँक्विश प्रॉडक्ट्स ही अमेरिकन कंपनी मेथड, केएमसी अशा कारखान्यांनी खऱ्या मोटारींसाठी केलेल्या चाकांच्या लहान प्रतिकृती त्या कारखान्यांच्या रीतसर परवान्याने विकते. तेव्हा दोष अनुकरणात नाही. जे मोजले नाही, समजून घेतले नाही आणि ज्याला मालकाची संमती नाही, अशा अनुकरणात आहे.

न मोजता केलेल्या नकलेने काय बिघडते, हे समजण्यासाठी चाकाच्या कामाचा तपशील पाहिला पाहिजे. एक-दशांश प्रमाणाच्या बहुतेक गाड्यांत धुऱ्याची शक्ती चाकाकडे पोचते ती षट्कोनी चकतीच्या द्वारे, जिला छंदिष्ट मंडळी ‘हेक्स’ म्हणतात, आणि जिचे समोरासमोरच्या दोन बाजूंमधले अंतर १२ मिलिमीटर असते. चाकाच्या पाठीवरचा खाचा या चकतीवर अगदी नेमका बसला पाहिजे; केसभर सैल राहिला तरी प्रत्येक वेग घेताना आणि प्रत्येक ब्रेक लावताना चकतीचे कोपरे प्लॅस्टिकवर आघात करतात, खाचा गोलसर होत जातो, आणि अखेरीस धुरा फिरतो पण चाक जागच्या जागी राहते. दुसरी गोष्ट तोलाची. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचे टायरसह सुमारे ६५ मिलिमीटर व्यासाचे चाक ताशी ६० किलोमीटर वेगाला मिनिटाकाठी जवळजवळ ४,९०० फेऱ्या घेते. त्या वेळी रिमच्या कडेला एका बाजूस अवघा एक ग्रॅम पदार्थ अधिक राहिला असेल, तर तो चाकाला सुमारे ७०० ग्रॅम वजनाइतक्या ओढीने बाहेर खेचतो, आणि ही ओढ प्रत्येक फेरीगणिक दिशा बदलत बेअरिंगवर पडते. बेअरिंग लवकर का खडखडू लागते, गाडी सरळ रेषेत थरथरत का जाते, याचे कारण पुष्कळदा दिसायला देखण्या अशा त्या चाकातच सापडते.

आता नकलेत अशी गफलत का राहते, हेही पाहू. चांगले प्लॅस्टिकचे चाक बहुधा नायलॉनचे असते, आणि वितळलेले नायलॉन पोलादी साच्यात थंड होताना शेकडा एक-दोन भाग आक्रसते. हे आक्रसणेही जाड भागात अधिक आणि पातळ भागात कमी असे विषम असते. मूळ रचनाकार ही तूट हिशेबात धरून, अनेक चाचण्यांअंती रुजुवात घालून, साचा तेवढाच मोठा करतो. जो नक्कलकार तयार चाक समोर ठेवून त्यावरून साचा घडवतो आणि हा हिशेब करीत नाही, त्याच्या हाती मुळापेक्षा लहान, किंचित वेडेवाकडे चाक येते. आणि नायलॉनऐवजी स्वस्त ठिसूळ प्लॅस्टिक वापरले असेल, तर पहिल्या जोरकस धक्क्यालाच आरा तडकतो. डोळ्यांना दिसते तेवढे त्याने घेतलेले असते. मूळ कारागिराचे जे खरे ज्ञान साच्यात मुरलेले असते, ते मात्र त्याच्या हाती लागलेले नसते.

खडकांवर चढणाऱ्या क्रॉलर गाड्यांत हा भेद अधिकच उघड होतो. त्यांच्या १.९ इंची चाकांवर टायर गोंदाने न चिकटवता त्याची कड दोन कड्यांत दाबून बारीक स्क्रूंनी आवळण्याची ‘बीडलॉक’ नावाची योजना असते. सुटीच्या दिवशी टेकडीवर जमणाऱ्या आमच्या मंडळींपैकी एका तरुण मित्राने अशी नकली धातूची चाके मोठ्या हौसेने बसवली. आवळताना स्क्रूंची डोकी झिजली, काहींचे आटे निसटले, आणि काळ्या कातळाच्या पहिल्याच अवघड चढावर टायर कड्यातून सुटून लोंबू लागला. पुढे सैल खाच्यामुळे धुऱ्याची पिनही बदलावी लागली. त्याने खर्चाचा ताळेबंद मांडला तेव्हा चांगल्या चाकांच्या किमतीतला फरक जवळजवळ भरून निघाला होता.

याचा अर्थ स्वस्त वस्तू त्याज्य असा मात्र कोणी घेऊ नये. स्वस्ताई हा गुण आहे, आणि या छंदाचा विस्तार त्या गुणावरच झाला आहे. तामियाने १९८४ साली काढलेली ग्रासहॉपर ही बग्गी नवशिक्यांसाठी मुद्दाम अल्प किमतीत ठेवलेली होती. तिच्यात ३८० जातीची लहान मोटर बसवली होती आणि त्याच वर्षीच्या हॉर्नेटमध्ये अधिक बलवान ५४० जातीची, ही गोष्ट ग्राहकापासून लपवलेली नव्हती. काटकसर कुठे केली हे सांगून केलेली ही स्वस्ताई होय. १२ मिलिमीटरचा हेक्स ही कोणा एकाची मिरास नाही. त्या मापाचे साधे, काळे, स्वतःच्या नावाचे चाक करून विकण्याची मुभा प्रत्येक कारखानदाराला आहे, आणि अशी चाके घेऊन मुलांनी हा छंद शिकावा, असे मला मनापासून वाटते. चाकाच्या विशिष्ट घाटाची गोष्ट मात्र वेगळी आहे. आपल्याच देशाचा २००० सालचा डिझाइन कायदा नोंदलेल्या घाटाला दहा वर्षे आणि नूतनीकरणाने आणखी पाच वर्षे संरक्षण देतो, ते कारागिराचे श्रम त्याच्या पदरात पडावेत म्हणून. दुसऱ्याचे नाव कोरलेले चाक विकणारा त्या कारागिरालाही फसवतो आणि ग्राहकालाही.

म्हणून चाके घेणाऱ्या वाचकाला माझे सांगणे एवढेच आहे, की किंमत पाहण्यापूर्वी चाक पाहावे. ते हेक्सवर चढवून आडवे हलवावे, सैल वाटल्यास परत करावे. धुऱ्यावर फिरवून रिमच्या कडेजवळ पेन्सिलीचे टोक स्थिर धरावे, म्हणजे चाकाची डगमग कळून येते. चारही चाके काट्यावर ठेवून त्यांची वजने जुळतात का ते तपासावे. आणि करणाऱ्याने त्यावर स्वतःचे नाव घातले आहे की दुसऱ्याचे, हे अवश्य वाचावे. खिशात पैसे थोडे असतील तर साधे चाक निःसंकोच घ्यावे. दुसऱ्याच्या नावाचे सोंग घेतलेले चाक मात्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.