घरच्या आजारपणाचा खाडा

भिवंडी-मालेगावात यंत्रमागावरचा कारागीर चार दिवस आला नाही, की आम्ही कारखानदार त्याच्या नावापुढे खाडा मांडतो. घरी आई लकव्याने अंथरुणाला खिळली आहे, हे आम्हाला ठाऊक असते. तरी मजुरी जातेच.

कामगार राज्य विमा योजनेत कामगारावर अवलंबून असलेल्या आईवडिलांवरही उपचार होतात. कामावर हात जायबंदी झाला तर पगाराच्या ९० टक्के भरपाई मिळते. स्वतःच्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के. पण आईची सेवा करायला घरी राहिला, तर त्या दिवसांचे काहीच नाही. ही उणीव सरकारची.

आणि आमची? कारखान्यात दहा माणसे झाली की योजना लागू होते, म्हणून माग भावाच्या, मेहुण्याच्या नावावर वाटून आठ-आठच माणसे दाखवायची! समजा पगार १५,००० रुपये. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, म्हणजे महिन्याला ४८७ रुपये ५० पैसे. एवढ्यासाठी त्या माउलीचे औषधपाणी बुडते.

कारखानदार बांधवांनो, आधी नोंदणी करा. सेवेच्या खाड्यातले निदान चार दिवस भरपगारी धरा. त्याला सरकारी हुकूम लागत नाही.